कवेलूचे बाहुलीघर : बांधणी आणि सजावट

बाहुलीघर म्हणजे खऱ्या घराची एका ठरावीक प्रमाणात लहान केलेली आणि आतून पूर्ण सजवलेली प्रतिकृती. भातुकलीशी तिचे नाते जवळचे असले तरी दोहोंत फरक आहे. भातुकलीतली भांडी मुलांच्या हाताला बसतील अशा बेताने घडवलेली असतात. चुलीपेक्षा तवा मोठा असला तरी खेळ अडत नाही. बाहुलीघरात मात्र उंबरठ्यापासून देवघरातल्या निरांजनापर्यंत प्रत्येक वस्तू एकाच भागाकाराने लहान होते आणि त्या भागाकारात एखादी वस्तू चुकली की पाहणाऱ्याचे लक्ष नेमके तिच्याकडेच जाते. म्हणून या छंदात कात्री, गोंद आणि रंग यांच्याही आधी मोजपट्टी लागते.

युरोपात या छंदाचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५७–५८ मध्ये करवून घेतलेल्या बाहुलीघराची नोंद आहे. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन हिचे सतराव्या शतकाच्या अखेरीस सजवायला घेतलेले बाहुलीघर आज तिथल्या राईक्स म्युझियममध्ये आहे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी वास्तुकार एडविन लट्यन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात उभारलेले बाहुलीघर विंडसर किल्ल्यात पाहायला मिळते. त्यात वाहते पाणी आणि चालणारे विजेचे दिवे आहेत. हे घर १:१२ या प्रमाणात आहे आणि जगभरचे हौशी कारागीर आजही बहुधा हेच प्रमाण वापरतात. महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी, पुण्याचे विलास करंदीकर यांनी जमवलेला भातुकलीचा संग्रह, विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले मिरवतात ते चाकांचे लाकडी बैल, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली मांडतात ती भुलाबाई, अशी लहान आकाराच्या कामाची परंपरा भरपूर आहे. मापात बांधलेले घर हा तिच्यातला पुढचा टप्पा ठरतो.

बाजारात मिळणारे तयार संच बहुधा परदेशी घरांचे असतात. भिंतीत शेकोटी, खिडकीखाली गादीची बैठक, पोटमाळ्यावर पलंग. हात बसावा म्हणून असा एखादा संच जोडायला हरकत नाही, पण पहिले खरे काम ज्या घरात प्रत्यक्ष शिरून मापे घेता येतील अशाच घराचे करावे. कारागिराने जे घर वापरलेले नाही त्याची प्रतिकृती सुबक होते, पण तिथे पाण्याचा माठ कुठे असतो, चप्पल कुठे निघते, उन्हाळ्यात बाज कुठे सरकवली जाते, या गोष्टी संचाच्या कागदावर मिळत नाहीत.

नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या पुढे, नागभीडकडे जाणाऱ्या वाटेवर असलेल्या भिवापूर आणि त्याच्या आसपासच्या गावांत अशा कामासाठी उत्तम नमुना अजून सापडतो. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूचे, म्हणजे देशी कौलांचे, दोन पाख्यांचे छप्पर, पुढे ओसरी, आत माजघर, कडेला स्वयंपाकघर, मागे सांदवाडी, म्हणजे परसू, आणि समोर सारवलेले अंगण. स्लॅबची घरे वाढत चालली तशी ही घरे झपाट्याने पाडली जात आहेत आणि एकदा घर पाडले की त्याच्या भिंतीची जाडी सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून मापे आत्ताच घेणे अगत्याचे आहे. ज्याला घराऐवजी दुसरे काही करावेसे वाटेल त्याच्यासाठी भिवापूरचे जुने रेल्वे स्थानक हाही चांगला विषय आहे. नागपूर–नागभीड ही नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. त्या रुळांतले अंतर ७६२ मिमी होते, म्हणजे १:१२ मध्ये ते ६३.५ मिमी येते.

मापे घेणे

घरमालकाची परवानगी घेऊन सकाळच्या उजेडात जावे. पंधरा फुटी टेप, वही, पेन्सिल आणि मोबाइल एवढे पुरते. प्रत्येक फोटोत भिंतीला टेकवून एक फूटपट्टी उभी ठेवावी. पुढे राहून गेलेले माप फोटोवरून काढता येते. लांबी-रुंदी सगळेच मोजतात. विसरतात ते पुढचे: भिंतीची जाडी, उंबरठ्याची उंची, कोनाड्याची खोली, वळचणीची जमिनीपासून उंची, ओट्याच्या पायरीची रुंदी. घराचा खरेपणा याच मापांत असतो. जुन्या घराचे दार बुटके असते, आत जाताना वाकावे लागते. ते आजच्या सात फुटी दाराच्या अंदाजाने केले तर सगळे घर बंगल्यासारखे दिसू लागते.

सोयीसाठी एक मध्यम घर धरू: बाहेरून २४ फूट लांब, १६ फूट खोल, वळचण ७ फुटांवर, आढे १३ फुटांवर, भिंती दीड फूट जाड. १:१२ मध्ये एक फुटाचा एक इंच होतो आणि एका इंचाचे जवळजवळ २ मिमी. त्यामुळे हे घर २४ इंच × १६ इंच, म्हणजे ६१ सेमी × ४१ सेमी होते. साडेपाच फुटी दार १४ सेमीचे होते आणि सव्वापाच फुटी माणूस १३ सेमीच्या थोडा वर भरतो. समोर आठ फुटी अंगण धरले तर पाटाची खोली २४ इंच होते. बाजूला तीन-तीन फूट मोकळे ठेवले की लांबी ३० इंच. एवढा पाट घराच्या दारातून आडवा बाहेर निघतो. सांदवाडी मात्र वेगळ्या पाटावर करून मागे जोडावी. काम पूर्ण झाल्यावर ते खोलीबाहेर निघत नाही असे कळणे फार दुःखाचे असते, म्हणून पाट कापण्याआधी दाराची रुंदी मोजावी.

जागा कमी असेल तर १:२४ घ्यावे. सगळे निम्मे होते. पण तेव्हा भाकरी ९ मिमीहून लहान आणि सूप दीड सेमीचे होते. स्वयंपाकघराची हौस असणाऱ्याने १:१२ सोडू नये.

मापांबरोबर साल ठरवणे तितकेच जरुरीचे आहे. घर १९६० सालचे की १९८५ चे, यावर आतल्या निम्म्या वस्तू ठरतात. पितळेचे गुंड की स्टीलची टाकी, चिमणी की विजेचा बल्ब, मातीचा माठ की प्लास्टिकची बादली. भिंतीवर ‘कालनिर्णय’ लावायचे असेल तर साल १९७३ च्या पुढचे हवे, कारण ते त्या वर्षी सुरू झाले. साल ठरले की चुकीच्या वस्तू आपोआप बाजूला पडतात आणि पुष्कळ खर्चही वाचतो.

घर कुठून उघडावे

युरोपीय बाहुलीघराची दर्शनी भिंत कपाटाच्या दारासारखी उघडते. मातीच्या घराला ही रीत जमत नाही, कारण त्याचा जीव दर्शनी ओसरीत आणि अंगणात आहे. समोरची भिंत हलवली की ओसरीच मोडते. मागचे पाखे आणि मागची भिंत एकत्र जोडून तो सगळा भाग उचलता येईल असा करावा. समोरून पाहणाऱ्याला पूर्ण घर दिसते. मागून पाहणाऱ्याला माजघर आणि स्वयंपाकघर उघडे दिसते. पाखे अलगद बसावे म्हणून कोपऱ्यांत लहान चुंबक किंवा लाकडी खुंट्या द्याव्यात. बिजागरी लावली तर कवेलूंचे वजन तिच्यावर येते आणि काही महिन्यांत ती ढिली होते.

पाट आणि भिंती

पाटासाठी १२ मिमीचा प्लायवुड घ्यावा आणि खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, नाहीतर मातीचा लेप वाळताना तो वाकतो. दीड फुटाच्या भिंतीसाठी दीड इंच म्हणजे ३८ मिमी जाडी लागते. ती भरीव करू नये. ३ मिमी एमडीएफच्या दोन पट्ट्या मध्ये लाकडी ठोकळे ठेवून जोडल्या की पोकळ भिंत हलकी राहते आणि तिच्या पोटातून दिव्याच्या तारा नेता येतात. कोनाडे आधीच कापून आत खोका बसवावा. दाराखिडक्यांच्या कडा उघड्या ठेवू नयेत. मातीच्या भिंतीची जाडी दिसते ती याच कडांमधून, आणि पातळ पुठ्ठ्याच्या भिंतीचे बाहुलीघर फसते तेही इथेच. एमडीएफ कापताना आणि घासताना बारीक भुकटी उडते, म्हणून तोंडाला मास्क बांधून शक्यतो अंगणात काम करावे.

लेपासाठी खरी माती वापरण्याचा मोह होतो आणि तो योग्यही आहे. फक्त निव्वळ माती एमडीएफवर टिकत नाही. माती वाळताना आक्रसते, फळी आक्रसत नाही आणि लेप पापुद्र्याने सुटतो. पिवळी माती वाळवून, कुटून, चहाच्या गाळणीतून गाळावी. चार भाग माती, एक भाग फेविकॉल आणि थोडे पाणी असे सरबरीत करून आधी फळीच्या तुकड्यावर लावून पाहावे. भेगा पडल्या तर फेविकॉल वाढवावा. खऱ्या भिंतीत तुसाचे आणि काडाचे तुकडे दिसतात. त्यासाठी लाकडाचा बारीक भुसा चिमूटभर मिसळावा. खरे तूस १:१२ मध्ये सरपणाच्या फोडीएवढे दिसेल. पहिला हात पातळ, दुसरा थोडा जाड, आणि मधे पूर्ण वाळू द्यावे. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात लेप वरून तासाभरात सुकतो आणि आत ओला राहतो. म्हणून उन्हाळ्यात हे काम संध्याकाळी करावे आणि वर ओलसर फडके झाकावे.

चुन्याचा हात पांढऱ्या पोस्टर रंगाने देता येतो, पण खरा विरीचा चुना नीळ टाकून लावला तर जो फिका निळसर रंग येतो त्याची सर डबीतल्या रंगाला नाही. चुना लावताना हातमोजे घालावेत. भिंतीच्या तळाला गेरूचा पट्टा ओढावा. तो सरळ फूटपट्टीने न ओढता हाताने ओढावा.

जमिनीच्या सारवणाकडे विशेष लक्ष द्यावे. सारवणारीच्या तळव्याने जमिनीवर अर्धवर्तुळे उमटतात आणि एकेका फटक्याची रुंदी सहाएक इंच असते. १:१२ मध्ये ती अर्धा इंच होते, म्हणजे अर्धा इंची चपटा ब्रश इथे सारवणाऱ्या हाताच्या मापाचा ठरतो. माती, फेविकॉल आणि किंचित हिरवट-तपकिरी रंग पातळ कालवून, दाराकडून आत नव्हे तर आतून दाराकडे येत, एकमेकांवर चढणाऱ्या कमानींनी सारवावे. सारवणारी बाई मागे सरकत दाराशी बाहेर पडते आणि तिचा हा क्रम जमिनीवर स्पष्ट वाचता येतो. खरे शेण वापरू नये. त्यात बारीक किडे राहतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

छप्पर

या घराची सगळी शोभा छपरात आहे आणि सगळ्यात जास्त वेळही तिथेच जातो.

वळचण ७ फुटांवर आणि आढे १३ फुटांवर, म्हणजे चढ ६ फूट. अर्धी खोली ८ फूट. तेव्हा पाख्याची तिरकी लांबी बरोबर १० फूट येते. पुढे दीड फूट वळचण बाहेर काढली की साडेअकरा, म्हणजे प्रतिकृतीत साडेअकरा इंच, सुमारे २९ सेमी. आढ्यासाठी सरळ सागवानी काठी घ्यावी. वाश्यांसाठी विदर्भातल्या शेतकऱ्याच्या बांधावर पडून असलेली तुराटी उत्तम. ती हलकी, सरळ आणि सहा-सात मिमी जाड मिळते, म्हणजे मापात तीन इंची वासा. पऱ्हाटी वाकडी असते म्हणून तिचा उपयोग गोठ्याच्या मेढींसाठी करावा. रिपांसाठी अगरबत्तीच्या कोऱ्या बांबूच्या काड्या वापराव्यात. शेतातून आणलेल्या काड्यांत भुंगा असतो. त्या कडक उन्हात आठवडाभर वाळवाव्यात, टाकणखाराच्या कोमट पाण्यात बुडवून काढाव्यात आणि पुन्हा वाळवाव्यात. हे टाळले तर वर्षभरात वाश्यांखाली पिवळी भुकटी पडू लागते.

ओसरीत उभे राहून वर पाहिले की वासे आणि रिपा दिसतात, म्हणून त्या खऱ्याखुऱ्या बसवाव्यात. त्यांच्यावर गडद तपकिरी रंगवलेला पातळ पुठ्ठा आणि त्याच्यावर कवेलू.

देशी कवेलू अर्धगोल असते, साधारण आठ-नऊ इंच लांब आणि चारेक इंच रुंद. एक ओळ उताणी, तिच्या सांध्यावर दुसरी पालथी, असे ते घातले जाते. १:१२ मध्ये एक कवेलू १७ ते १९ मिमी लांब आणि ८–९ मिमी रुंद होते. दोन्ही पाख्यांना उताणी-पालथी मिळून सहा हजारांच्या वर कवेलू लागतात. हे सगळे मातीचे एकेक करून घडवणारे कारागीर आहेत, पण पहिल्या घरात तो आग्रह धरू नये. सामानाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा पाण्याचा हात लावून पाच मिनिटे ठेवला की त्याचा वरचा कागद सोलून निघतो आणि आतली नाली उघडी पडते. साध्या खोक्याच्या नालीचे अंतर सात-आठ मिमी असते. ते खऱ्या मापापेक्षा थोडे दाट आहे, पण डोळा ते मान्य करतो. हा पुठ्ठा वाळवून नालीला आडव्या, १९ मिमी रुंद पट्ट्यांत कापावा. वळचणीपासून सुरुवात करून वरची पट्टी खालच्या पट्टीवर ६ मिमी चढवत आढ्यापर्यंत जावे. एका पाख्याला सुमारे बावीस पट्ट्या लागतात. पट्ट्यांच्या कडा मधूनमधून नखाने थोड्या उचलाव्यात. एखाद्या ठिकाणी एकच नाली कापून कवेलू घसरल्यासारखे करावे.

वळचणीची शेवटची ओळ आणि आढ्यावरची ओळ मात्र सुटी कवेलू करूनच घालावी, कारण तिथे कवेलूचे तोंड दिसते. साधी पेन्सिल यासाठी साचा म्हणून चालते. तपकिरी कागदाला फेविकॉल लावून पेन्सिलीवर दोन वेढे द्यावेत, वाळल्यावर नळी काढून उभी चिरावी आणि १८ मिमीचे तुकडे पाडावेत. आधी पेन्सिलीला मेण चोळले तर नळी सहज सुटते.

रंगात सगळ्यात जास्त बिघाड होतो. नव्या विटेचा तांबडा रंग एकसारखा फासला की छप्पर प्लास्टिकचे दिसते. आधी सगळीकडे गडद करडा-तपकिरी द्यावा. तो वाळल्यावर कोरड्या ब्रशने विटकरी, नारिंगी आणि धुरकट काळा असे तीन रंग फक्त नालीच्या उंचवट्यावर ओढावेत. स्वयंपाकघरावरचा भाग धुराने काळवंडलेला असतो. पावसाळ्याआधी शाकारणी करताना जी चार-सहा नवी कवेलू बसवतात ती उजळ तांबडी दिसतात, म्हणून तेवढीच तांबडी ठेवावीत.

दारे आणि दिवे

दार दोन फळ्यांचे करावे, फळ्यांच्या उभ्या रेघा सुईने ओढाव्यात. बिजागरीऐवजी प्रत्येक फळीच्या वर आणि खाली टाचणीचा तुकडा खोचून तो चौकटीच्या भोकात फिरू द्यावा. जुनी दारेही अशीच खुंटीवर फिरतात. कडी-साखळीसाठी अर्धा मिमी जाड तांब्याची तार पुरते. चार इंची उंबरठा ८ मिमीचा होतो. त्याचा मधला भाग घासून किंचित खोलगट करावा.

दिव्यांसाठी ३ मिमीचे उबदार पिवळे एलईडी आणि मोबाइल चार्जरचा ५ व्होल्टचा पुरवठा वापरावा. प्रत्येक एलईडीला १५० ते २२० ओहमचा रोधक जोडावा. घरची २३० व्होल्टची वीज बाहुलीघरात कधीही नेऊ नये. १९७० च्या आसपासचे घर असेल तर माजघरात एकच बल्ब, लाकडी पट्टीवरून आलेली तार आणि काळे बटण एवढेच दाखवावे. जास्त दिव्यांनी मातीच्या घराचा काळोख जातो आणि काळोख हा त्या घराचा महत्त्वाचा भाग आहे. चुलीच्या आत एक नारिंगी एलईडी ठेवून वर राख रंगाचा कापूस विरळ पसरावा.

आतले सामान

पितळेची भातुकली बाजारात सहज मिळते, पण ती मापात क्वचितच बसते. एक फूट उंचीचा गुंड १:१२ मध्ये एका इंचाचा हवा. भातुकलीतला तो बहुधा दुप्पट भरतो. नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या आणि मण्यांच्या दुकानांत जावे आणि सोबत माप घेतलेला कागद न्यावा. मण्यांच्या पितळी टोप्या वाट्यांचे काम करतात, घुंगराचे दोन अर्धे गडव्याचे पोट होतात, जाड तांब्याच्या तारेची कडी ताटाची कड होते. आठ इंची भाकरी १७ मिमीची असते. ती पिठाऐवजी वाळणाऱ्या पांढऱ्या चिकणमातीने करून वर तव्याचे काळे ठिपके द्यावेत. खरे पीठ मुंग्या आणते.

बाजेचा सांगाडा बांबूच्या चिपांचा, १५ सेमी × ७.५ सेमी. सुंभ एक सेमी जाड धरले तर क्रोशाचा जाड दोरा त्याच्या मापात बसतो. विणकाम खऱ्या बाजेसारखेच तिरके करावे आणि पायथ्याशी ताण द्यायचे दोर सोडावेत. हे एक काम नीट जमले की पाहणारा बाकीच्या घरावर विश्वास ठेवतो.

कापड हा लहान मापातला सगळ्यात अवघड जिन्नस आहे, कारण धागा लहान होत नाही. चौकटी आणि फुले मोठी असलेले कापड घेऊ नये. जुने मऊ मलमल किंवा झिजलेले सुती लुगडे उत्तम. वाळत घातलेल्या लुगड्याला पडायला वजन नसते. ते पातळ फेविकॉलच्या पाण्यात भिजवून, टाचण्यांनी चुण्या पाडून वाळवावे. पोत्यासाठी ज्यूटचे कापड जाड पडते. दवाखान्यातली जाळीची पट्टी चहाच्या पाण्यात रंगवली की ती बरोबर पोत्याचा पोत देते. सूप आणि टोपल्या विणण्यासाठी शिंदीच्या पानाच्या पट्ट्या नखाने बारीक फाडून घ्याव्यात. जवळपास बांबूकाम करणारे बुरूड कारागीर असतील तर त्यांच्या हाताने निघालेली एक मिमीची चीप विकत घ्यावी. ती घरी तासून तितकी एकसारखी निघत नाही.

अंगण आणि मिरची

भिवापूरची मिरची तिच्या गडद लाल रंगासाठी ओळखली जाते आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अंगणात वाळत घातलेली मिरची नसेल तर हे घर कुठल्याही गावचे ठरेल. म्हणून इतर सजावट कमी करून हे काम नीट करावे.

पाच सेमीची वाळली मिरची १:१२ मध्ये ४ मिमीची होते. खऱ्या मिरचीचे तुकडे वापरू नयेत. त्यांचा रंग उडतो आणि त्यांना कीड लागते. शिवणाचा जाड सुती दोरा फेविकॉल आणि गडद लाल रंगाच्या मिश्रणात भिजवून दोन खिळ्यांमध्ये ताणून वाळवावा. वाळताना एकदा तो बोटांनी पिळला की सुरकुत्या येतात. मग ४ ते ५ मिमीचे तुकडे तिरक्या कातरीने पाडावेत, म्हणजे एक टोक निमुळते होते. काही दोरे काळपट लाल, काही उजळ, आणि अगदी थोडे फिकट पिवळट करावेत. ऊन-पाण्याने पांढरी पडलेली मिरची निवडून बाजूला काढतात, तिच्यासाठी हे फिकट तुकडे. दुसऱ्या टोकाला ब्रशने पेंढ्याच्या रंगाचा ठिपका दिला की देठ होतो.

सहा फूट बाय चार फूट पसारा म्हणजे सहा इंच बाय चार इंच. खाली लाल रंगवलेला भुसा पसरावा आणि वर तीन-चारशे मिरच्या कागदाच्या नरसाळ्यातून सोडाव्यात. चिमट्याने एकेक ठेवली तर ओळी दिसू लागतात. कडेला मिरच्या विरळ होत जाव्यात. मधे पाय ठेवून वळवायला जातात, तिथे एक अरुंद वाट मोकळी सोडावी.

ज्यांना घराऐवजी कामाची जागा करायची असेल त्यांनी सातरा करावा. सातरा म्हणजे मिरची आणून तिचे देठ, ज्यांना इकडे मुके म्हणतात, तोडायची जागा. बायका रांगेने बसून दिवसभर हे काम करतात. त्याची मांडणी घरापेक्षा सोपी आहे: टिनाचे छप्पर, बांबूचे खांब, लाल ढीग, भरलेली आणि रिकामी पोती. पण तिला नेमकेपणा लागतो. प्रत्येकीच्या जागेपुढे मिरचीचा एक ढीग, बाजूला मुक्यांचा छोटा ढीग, टोपली, पाण्याची बाटली किंवा गडवा, काढून ठेवलेल्या चपला, नाकातोंडाला बांधायचे फडके. बाहुल्या बसवल्या नाहीत तरी चालते. खरे तर लहान मापात चेहरे क्वचितच जमतात आणि बिघडलेला एक चेहरा सगळ्या देखाव्याचा नूर घालवतो. चपला आणि फडके एवढ्यावरून किती जणी बसतात ते कळते, आणि त्यांच्या श्रमाचा मानही राहतो.

अंगणातली उरलेली जागा भरू नये. तुळशीवृंदावन, एक रांजण, बैलाचा खुंटा, कोपऱ्यात तुराट्यांचा भारा. बैल हवेच असतील तर खांद्याशी साडेचार फुटांचा बैल ११ ते १२ सेमीचा होतो. पोळ्याला कुंभाराकडे मिळणाऱ्या मातीच्या बैलांत त्या मापाचा शोधावा. तुळस करायला वाळलेली मंजिरी हिरव्या रंगात बुडवली की पुरते.

वापराच्या खुणा

सगळे बसवून झाले की घर नवे कोरे दिसते. त्यावर वापर चढवावा लागतो. पावसाचे शिंतोडे बाहेरच्या भिंतीवर फूट-दीड फूट चढतात, म्हणून तळापासून इंच-दीड इंच मातकट पाणी ब्रशने झटकावे. चुलीमागची भिंत खालून वर काळी होत जाते आणि आढ्याशी पसरते. दिव्याच्या कोनाड्यात तेलाचा ओघळ असतो. ओसरीचा खांब हाताच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून तीन ते चार इंचांवर, घासून गुळगुळीत आणि काळसर झालेला असतो. दारालगतच्या भिंतीवर हाताचे डाग पडतात. एवढ्या खुणा पुरे. जास्त केल्या की घर पडके दिसू लागते आणि ही घरे नांदती असतात.

निगा

पूर्ण झालेल्या घरावर ३–४ मिमी जाड ॲक्रिलिकची पेटी घालावी. खिडकीतले थेट ऊन टाळावे. लाल रंग सगळ्यात आधी उडतो आणि या घरात तोच जपायचा आहे. मुख्य सांध्यांना ग्लू गनचा गोंद वापरू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो मऊ पडतो आणि घर एका जागेहून दुसरीकडे नेताना भिंती सुटतात. थर्माकोलवर साध्या डबीतला स्प्रे रंग मारला तर थर्माकोल विरघळतो. डांबराच्या गोळ्यांच्या वाफेनेही तो खराब होतो, म्हणून थर्माकोल वापरले असेल तिथे या गोळ्या ठेवू नयेत. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्याने बदलाव्यात. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने, छपरावरून खाली, अशा क्रमाने काढावी. दिव्यांसाठी बटण सेल वापरले असतील तर ते आणि सुटे लहान तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलाने गिळलेला बटण सेल जिवावर बेततो.

मोजमापाची वही, फोटो, ठरवलेले साल, माती-फेविकॉलचे प्रमाण आणि रंगांची नावे एका पाकिटात घालून ते पाकीट पाटाच्या खालच्या बाजूला चिकटवावे. पुढे एखादे पाखे दुरुस्त करायची वेळ आली तर लेप आणि रंग त्यावरून पुन्हा जुळवता येतात. मूळ घर तोवर पाडले गेले असेल तर त्याच्या भिंतीची जाडी आणि वळचणीची उंची त्या पाकिटात मिळते.